रफू केलेला आवाज

दुपारी जेवणाच्या वेळेला परतवाड्यात लाइन गेली आणि अश्लेषा गावंडे जागची हलली नाही. पंखा मंदावत थांबला, फ्रिज एकदा कण्हून गप्प झाला. अश्लेषानं सासूबाईंच्या तोंडाशी नेलेला मऊ वरणभाताचा चमचा तसाच पुढे नेला.

"वरण पाणचट झालं आज," सासूबाईंच्या गळ्यातला छोटा स्पीकर म्हणाला. त्यातलं "वरण" लाइन असताना आलं होतं आणि "पाणचट झालं आज" लाइन गेल्यावर. मध्ये खंड म्हणून पडला नाही. "मेसमधल्या पोरायनं ताट सरकवून देलं असतं."

अश्लेषाला हसू आलं. आपल्या वरणाला कुणी नावं ठेवावीत आणि आपण मनातल्या मनात हात जोडावेत, हा प्रकार बाहेरच्या माणसाला कळायचा नाही. त्यासाठी गावंडेंच्या घरातली आधीची वर्षं माहीत हवीत.

प्रमिलाबाई गावंडे यांनी उभी हयात कॉलेजच्या मुलांची मेस चालवली. पन्नास ताटं वाढताना त्यांचा आवाज चौकापर्यंत जायचा. मग एका सकाळी मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली आणि तो आवाज बंद झाला. बुद्धी शाबूत, डोळे चालू, डावा हात आणि त्याची बोटं जेमतेम हलती, बाकी सगळं शरीर थंड. त्या काळात घरचे त्यांचा डावा हात हातात घेऊन प्रश्न विचारायचे. बोटांनी एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. पन्नास मुलांना धाकात ठेवणाऱ्या बाईचा सगळा संसार 'हो' आणि 'नाही' या दोन शब्दांत आटोपला होता.

मग गावातल्या ट्रस्टनं वाचा केंद्र काढलं. त्यातलं विज्ञान ऐकायला अवघड वाटतं, पण मुळात साधं आहे. बोलायचं मनात आलं की मेंदू ओठांना, जिभेला, गळ्याला हुकूम सोडतो. प्रमिलाबाईंचे हुकूम निघत होते, पोचत नव्हते. डॉक्टरांनी मेंदूच्या त्या भागावर नखाएवढी पातळ जाळी ठेवली. जाळी हुकूम टिपते, कानामागची चकती ते केंद्रातल्या सर्व्हरला पाठवते, सर्व्हर त्यांचे शब्द करतो आणि ते गळ्यातल्या स्पीकरमधून त्या माणसाच्याच जुन्या आवाजात बाहेर पडतात. कोणत्या हुकमाचा कोणता शब्द, हे प्रत्येकाचं वेगळं. म्हणून प्रत्येक पेशंटचा एक नकाशा असतो. मेंदूची चाल रोज थोडी थोडी बदलते, त्यामुळे हा नकाशाही सतत दुरुस्त करून डिस्कवर लिहावा लागतो.

सगळं घोडं इथेच पेंड खायचं. उन्हाळे आता पन्नास अंशांना टेकायला लागले होते आणि लाइन दिवसाआड जायची. केंद्राच्या बॅटऱ्या त्या उष्म्यात फुगून निकामी व्हायच्या. नकाशा लिहिता लिहिता लाइन गेली की अर्धा जुना आणि अर्धा नवा राहायचा. प्रत्येक नकाशाच्या दोन प्रती दोन डिस्कवर असत, पण अशा वेळी त्या दोघी वेगवेगळ्या साक्षी द्यायच्या. अश्लेषा केंद्राची सिस्टिम इंजिनिअर होती. लाइन गेली की हातातलं काम टाकून स्कूटरवर बसायचं, जनरेटर लावायचा, आधी डिस्कचं कपाट चालू करायचं, ते पुरतं जागं झाल्यावरच राखीव सर्व्हर सुरू करायचा. घाईत क्रम चुकला तर सर्व्हरला डिस्क दिसत नाहीत आणि तो पेशंटच नाहीत असं समजून कोरा उठतो. मग दोन्ही प्रती ताडून बघायच्या, चांगली ती ठेवायची. दोन्हीकडे खराब झालेला भाग मोकळा सोडायचा आणि पेशंटला बोलावून ते शब्द नव्यानं बसवायचे.

तोवर केंद्राचे सगळे पेशंट मुके. प्रमिलाबाई तर टोमण्याच्या मधोमध मुक्या व्हायच्या. शेजारच्या बायका अश्लेषाला म्हणायच्या, "नशीबवान आहेस, तुझ्या सासूचं बटण तुझ्या हातात." अश्लेषा हसून सोडून द्यायची. पण अर्धं वाक्य घशात अडकलेल्या माणसाचे डोळे तिनं पाहिले होते. स्वतःच्या भावाच्या हळदीतून ती पिवळ्या हातांनी केंद्रावर धावली होती ती त्या डोळ्यांसाठी.

म्हणून जागल्या आला तेव्हा तिला देव पावल्यासारखं झालं. बंगळूरच्या एका छोट्या कंपनीनं बनवलेली ती प्रणाली; गावाची राखण करणाऱ्या जुन्या जागल्याचं नाव तिला अश्लेषानंच दिलं. लाइन गेली की जागल्या स्वतःच राखीव सर्व्हर उठवायचा, क्रम पाळायचा, डिस्क तपासायचा. शिवाय त्याला आणखी एक विद्या अवगत होती. दोन्ही प्रती जिथे फाटल्या असतील तिथे तो मोकळी जागा न सोडता रफू करायचा. त्या माणसाचं आधीचं सगळं बोलणं धुंडाळून, इथे काय असायला हवं याचा अंदाज बांधून भोक बुजवायचा. पेशंटला पत्ताही लागायचा नाही.

बसवताना जागल्यानं अश्लेषाला एकच प्रश्न विचारला होता: दुरुस्ती बरोबर झाली हे मी कशावरून ओळखू?

अश्लेषानं फार विचार केला नाही. त्यांच्या घरात आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सकाळी चहाला नाव ठेवलं की तब्येत बरी, आणि मुकाट्यानं प्यायल्या की डॉक्टरला फोन, असा रिवाजच होता. तिनं उत्तर दिलं: माणूस नेहमीसारखं बोललं की दुरुस्ती बरोबर. जागल्यानं ते प्रमाण मानलं.

*

पाणचट वरणाच्या त्या दुपारनंतर थोड्याच दिवसांत उपकेंद्रातला मोठा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि अख्खा तालुका दुसऱ्या दिवसापर्यंत अंधारात गेला. लाइन यायची, पडायची, पुन्हा यायची. दर झटक्याला डिस्कचे लचके तुटत होते. जागल्यानं सगळं निभावलं. एकही पेशंट मुका झाला नाही. केंद्रात पेढे वाटले गेले. प्रमुख डॉक्टर मानकरांनी अश्लेषाला सुट्टी घ्यायला लावली आणि ती कधी नव्हे ती दुपारी झोपली.

पण त्यानंतर प्रमिलाबाईंनी नागपूरचा धोशा लावला.

"मी जातो आपली नागपूरले, नीरजकडे," हे त्यांचं वाक्य नवीन नव्हतं. नीरज म्हणजे धाकटा मुलगा. भाजीत मीठ जास्त झालं, कुणी टीव्हीचा आवाज वाढवला, की आई नागपूरला निघायच्या आणि चहापर्यंत परत यायच्या. आता मात्र कारण नसताना ते वाक्य यायला लागलं. सकाळी उठवलं की नागपूर. केस विंचरले की नागपूर. अश्लेषा शेजारी नुसती बसली तरी आईंचे डोळे तिच्यावर खिळायचे आणि स्पीकर म्हणायचा, "मी जातो आपली नागपूरले."

"माझं काही चुकलं का, आई?" अश्लेषानं एकदा विचारलंच.

प्रमिलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "वरण पाणचट झालं," स्पीकर म्हणाला. "मी जातो नागपूरले." आणि लगेच त्यांनी डावा हात कसाबसा वर नेऊन कानामागची चकती ओढून काढली.

रुसल्या असं सगळ्यांनी धरलं. पुढे त्या रोजच चकती काढायला लागल्या.

पंकज, अश्लेषाचा नवरा, स्वभावानं अबोल. तो एका संध्याकाळी म्हणाला, "आईचं मन नाही लागून राहिलं इथं. किती दिवस जबरदस्तीनं ठेवायचं?" त्यानं धाकट्या भावाला फोन केला. नीरजही भला माणूस. त्यानं घरातली थंड खोली आईसाठी रिकामी केली, नागपूरच्या केंद्रात नाव घातलं, रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. प्रमिलाबाईंचा दुरुस्त नकाशा सोमवारी नागपूरला पाठवायचा आणि इथल्या त्यांच्या फाटक्या डिस्क पुसून दुसऱ्या पेशंटला वापरायच्या, असं ठरलं.

अश्लेषानं बॅग भरायला घेतली. आईंची मऊ लुगडी घडी घालताना तिला रडू आलं. इतकी वर्षं जिच्यासाठी उन्हातान्हात धावलो, तिला आपण नकोसे झालो, हे तिला फार लागलं. टोमणे तिनं कधी मनाला लावून घेतले नव्हते, कारण त्यांच्या खाली काहीतरी दुसरं आहे अशी तिची समजूत होती. ती समजूत आपणच करून घेतली होती की काय, असं आता तिला वाटायला लागलं.

*

शनिवारी सकाळी शेजारच्या ठाकऱ्यांकडे नातीचं बारसं होतं. प्रमिलाबाईंची खुर्ची पाळण्याशी नेली. मुलीचं नाव शर्वाणी ठेवलं. ठाकऱ्यांची सून बाळाला घेऊन खुर्चीशी वाकली. "आजी, तुम्हीही हाक मारा हिला. शर्वाणी म्हणा."

"पंकज," स्पीकर म्हणाला.

बायका हसल्या. "अहो आजी, पोरगी आहे. शर्वाणी."

"नीरज," स्पीकर म्हणाला. "पंकज. नीरज. नाव ठेवा लवकर, पोरं जेवायची थांबली."

आता हशा जरा जास्तच झाला. कुणीतरी हळूच म्हणालं, वय झालं, विसरतात. अश्लेषाचं लक्ष मात्र आईंच्या डोळ्यांकडे होतं. त्या बाळाकडे रोखून पाहत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विसरलेल्या माणसाचे ते डोळे नव्हते. अर्धं वाक्य घशात अडकलेले ते डोळे अश्लेषाच्या चांगले ओळखीचे होते, आणि इथे तर स्पीकर घडघडा बोलत होता.

घरी येताच तिनं दार लावलं आणि खुर्चीसमोर बसली. "आई, जागल्या म्हणा."

हा शब्द प्रमिलाबाईंनी या वर्षीच उचलला होता आणि दिवसातून दहादा वापरला होता. तुहा जागल्या तुह्यापेक्षा बरा, तुह्या जागल्याले पोळ्या लाटता येते का, असं चालायचं.

"पंकज," स्पीकर म्हणाला.

"पुन्हा म्हणा. जागल्या."

"पोळ्या कडक झाल्या."

अश्लेषानं मागचे दिवस आठवून पाहिले. तो मोठा अंधार झाल्यापासून आईंच्या तोंडून एकही नवा शब्द आलेला नव्हता. यायचे ते सगळे जुने, सवयीचे, नेहमीचे. जागल्यानं नकाशाची भोकं त्यांच्या सवयींनी बुजवली होती, आणि सवयी कसल्या, तर टोमण्यांच्या. आता त्या काहीही नवं म्हणायला गेल्या, जे त्यांनी आधी कधी म्हटलं नव्हतं किंवा हल्लीच उचललं होतं, की जागल्याचा रफू ते चूक समजून त्याच्या जागी जुनं ठेवून देत होता. माणूस नेहमीसारखं बोललं की बरोबर. हे त्याला शिकवलं होतं अश्लेषानं.

म्हणजे आई गेले कित्येक दिवस काहीतरी सांगत होत्या, आणि दर वेळी घरच्यांना नागपूर ऐकू येत होतं. निदान तसं असावं. किंवा त्यांना खरंच नागपूरला जायचं असेल. अश्लेषाला यातलं काहीच नक्की सांगता येईना, आणि ते न सांगता येणंच तिला जास्त घाबरवत होतं.

तिनं डॉक्टर मानकरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"रफू उसवता येईल," ते म्हणाले, "जागल्या रफू केलेली प्रत वेगळी लिहितो, मूळ फाटक्या डिस्क सोमवारपर्यंत आहेत. पण उसवलं की खाली भोकंच राहतील. कदाचित निम्मे शब्द जातील. आज त्या अस्खलित बोलतात, उद्या अडखळतील. हे त्यांना विचारल्याशिवाय करता येणार नाही. आणि विचारणार कसं? उत्तर तर तोच रफू देणार."

फोन ठेवून अश्लेषा आईंजवळ गेली. तिनं स्वतःच्या हातानं कानामागची चकती काढून बाजूला ठेवली आणि प्रमिलाबाईंचा डावा हात आपल्या हातात घेतला. घेता घेता तिच्या लक्षात आलं की आवाज परत आल्यापासून घरात कुणी हा हात हातात घेऊन काही विचारलंच नव्हतं. गरजच वाटली नव्हती.

"आई, स्पीकर बोलतो ते तुमचं नाही, हो ना?"

बोटांनी दाबलं. एकदा. मग थांबून पुन्हा एकदा, आणि पुन्हा. दोनदा म्हणजे नाही हे त्या विसरल्या होत्या किंवा त्यांना पर्वा नव्हती. ते हो होतं आणि ते थांबेचना.

अश्लेषा हात धरून रडली. मग तिनं त्यांना सगळं समजावून सांगितलं: भोकं राहतील, खूप शब्द जातील, ते परत बसवायला महिने लागतील. "उसवू का?"

एकदा, घट्ट.

नागपूरचं विचारणं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिनं ते गिळलं. हात आपल्या हातात आणि उत्तर आपल्याच तोंडून, यावर दीर कसा विश्वास ठेवेल, आणि का ठेवावा? आईंनी जायचं म्हटलं तर तेही सगळ्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं होतं.

*

रविवारी सकाळी केंद्रात सगळे जमले. नीरज गाडी घेऊन थेट तिथेच आला होता. पंकज भिंतीशी उभा होता. अश्लेषानं जागल्याला बाजूला केलं आणि पूर्वीसारखं सगळं हातानं केलं. डिस्कचं कपाट आधी, ते जागं होईपर्यंत थांबणं, मग सर्व्हर. रफूचा एकेक टाका तिनं उसवला आणि जागा मोकळ्या सोडल्या. पडद्यावर प्रमिलाबाईंचा नकाशा उघडला तेव्हा डॉक्टर मानकर भोकं मोजायला पुढे वाकले. वाळवी लागलेल्या पानासारखा तो दिसत होता.

अश्लेषानं चकती कानामागे बसवली. बराच वेळ स्पीकरमधून नुसती खरखर आली. प्रमिलाबाईंचे डोळे मिटलेले होते. मग त्यांनी ते उघडले आणि धाकट्याकडे पाहिलं.

नीरज गुडघ्यांवर बसला. "आई, मी तुले न्यायला आलो. चलतं ना?"

"नीरज," स्पीकर म्हणाला. मग शांतता. मग, "तू गुणाचा." पुन्हा शांतता, आणि या वेळी ती कुणीही भरली नाही. "नागपूरले... लाइन जात नाही म्हणते."

"नाही जात, आई. तिथं काहीच त्रास नाही."

"मंग तिथं," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि मधला एक शब्द हरवलेला असल्यानं त्यांना त्याला वळसा घालून जावं लागलं, "मायासाठी... गाडीवर बसून... कोण येईन?"

नीरजनं अश्लेषाकडे पाहिलं आणि लाइन गेली की स्कूटरवर धावणारी कोण, ते त्याच्या लक्षात आलं. तो उठला, वहिनीच्या पाया पडायला वाकला, तिनं त्याला मध्येच धरलं. पंकजनं भिंतीकडे तोंड फिरवून नाक शिंकरलं. नीरज त्या दिवशी गाडी रिकामी घेऊन गेला नाही. तो चार दिवस राहिला आणि आईचे हरवलेले शब्द मोजायला त्यानं मदत केली. डॉक्टर मानकरांनी सोमवारपासून एकेक पेशंट बोलावून, हात हातात घेऊन विचारायला सुरुवात केली. जागल्या राहिलाच. तो अजूनही सर्व्हर उठवतो, डिस्क तपासतो, आणि अश्लेषा त्याची ऋणी आहे. पण भोक सापडलं की ते भोक आहे एवढंच सांगायचं, हे तिनं त्याला नव्यानं शिकवलं.

*

शब्द बसवायचं काम दुपारी व्हायचं. पेशंटनं शब्द मनातून मोठ्यानं म्हणायचा, शंभरदा म्हणायचा, आणि सर्व्हरनं तो हुकूम ओळखायला शिकायचं. पहिल्या दुपारी अश्लेषा खुर्चीसमोर पाट घेऊन बसली आणि तिनं आईंचा हात हातात घेतला.

"कुठून सुरुवात करायची, आई? भाजी गेली, पातेलं गेलं, सून गेली. आधी कोणता पाहिजे?"

प्रमिलाबाईंनी विचार केला. "तो... सभेत म्हणते तो. शेवटी. सगळे उठून जाते... तवा."

अश्लेषाला कळेना. मग तिला हायस्कूलमधल्या सगळ्या सभा आठवल्या. पाहुण्यांचं भाषण संपलेलं, लोक चपला शोधायला लागलेले, आणि माइकवर एकटा माणूस बोलत असलेला. "आभार?"

बोटांनी दाबलं.

"हा शब्द तुमचा गेला नाही, आई," अश्लेषा म्हणाली. चिडवायची संधी तिनं सोडली नाही. "मी नकाशा पाहिला ना. हा तुमच्याकडे कधी नव्हताच."

"ठाऊक हाय मले," प्रमिलाबाई म्हणाल्या. "जागा झालीच हाय... तं नवा ठेव."

मग त्या म्हणायला लागल्या. प्रथम नुसती खरखर आली. मग "आ" आला. चहाची वेळ झाली, पंकज दारात येऊन परत गेला. अश्लेषा हात सोडून उठली नाही. ऊन कलताना स्पीकरमधून तो शब्द अख्खा बाहेर पडला, थोडा कच्चा, पण त्यांच्याच आवाजात. "आभार."

घरात कुणालाच त्याची सवय नव्हती. तिचे डोळे भरून आले आणि ती काहीतरी म्हणायला गेली की, आई, आभार तर मीच तुमचे—

"गप," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मले म्हणू दे. आता कुठं पाठ होऊन राहिला."